खाटा परत आल्या, शाळा नाही

हॉस्पिटलात कुणाच्या उशाशी रात्र काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात; रात्र सिस्टरची असते. सलाईन संपत आलंय, पेशंटचा श्वास मघापेक्षा उथळ झालाय, नातेवाईक खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतोय, हे सगळं तिच्या एका फेरीत टिपलं जातं. पण घरी परतल्यावर शेजाऱ्यांना आपण नाव सांगतो ते डॉक्टरांचं. शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलच्या इतिहासाचं आपण सगळ्यांनी मिळून हेच केलं आहे.

फेब्रुवारीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो. तेव्हा प्रॉव्हिडंट काढणारे काळे डॉक्टर डॅनिएल हेल विल्यम्स यांचा फोटो फिरू लागतो आणि खाली ओळ असते: हृदयावर शस्त्रक्रिया करणारा पहिला सर्जन. हॉस्पिटल त्या गोष्टीत मागच्या पडद्यासारखं लटकत असतं. मला ही मांडणी उलटी वाटते. ते हॉस्पिटल निघालं एका मुलीला नर्स व्हायचं होतं म्हणून. त्याचं मूळ नावच ‘प्रॉव्हिडंट हॉस्पिटल अँड ट्रेनिंग स्कूल’ असं होतं. आणि त्याचं पुढे काय झालं याचा हिशेब मांडायचा, तर शस्त्रक्रियेपासून सुरुवात करून चालत नाही, त्या मुलीपासून करावी लागते.

तिचं नाव एमा रेनॉल्ड्स. मूळची ओहायोची. तिचा भाऊ लुई रेनॉल्ड्स शिकागोत पाद्री होता. नर्सिंग शिकायचं म्हणून तिने शहरातल्या शाळांचे उंबरे झिजवले आणि काळी म्हणून तिला एकाही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही. १८८९च्या सुमारास भाऊ डॉ. विल्यम्सकडे गेला. गावात मोजकेच काळे डॉक्टर, त्यातला हा नावाजलेला. कुठेतरी शब्द टाकेल अशी आशा होती.

विल्यम्सने शब्द टाकला असता तर कदाचित एक जागा मिळालीही असती. वशिल्याने एखादं दार किलकिलं होतं, आणि मग तीच एक मुलगी वर्षानुवर्षं पुरावा म्हणून दाखवता येते: बघा, आमच्याकडे भेदभाव नाही. पण विल्यम्सची स्वतःची अवस्था काय होती? शिकागो मेडिकल कॉलेजातून १८८३ साली डॉक्टर झालेला हा माणूस. त्याआधी न्हाव्याचं काम केलेला. काळ्या डॉक्टरांना गोऱ्यांच्या हॉस्पिटलात स्वतःचे पेशंट दाखल करण्याची मुभा नसायची. त्यामुळे शस्त्रक्रिया व्हायच्या पेशंटच्या घरी, स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर. शिकायला जागा नसलेली मुलगी आणि काम करायला जागा नसलेला डॉक्टर समोरासमोर आले, आणि विल्यम्सने ठरवलं की आता एका जागेसाठी आर्जवं करायची नाहीत, हॉस्पिटलच काढायचं.

इथे त्या काळच्या नर्सिंग शिक्षणाची रीत समजून घ्यायला हवी, नाहीतर एका मुलीसाठी अख्खं हॉस्पिटल ही गोष्ट फिल्मी वाटते. तेव्हा नर्सिंगचं शिक्षण कॉलेजात नव्हतं, हॉस्पिटलच्या पोटात होतं. मुली तिथेच राहायच्या, तिथेच जेवायच्या. दिवसभर वॉर्डात राबायचं, उरलेल्या वेळात डॉक्टरांची व्याख्यानं ऐकायची. पेशंटची अंघोळ, जखमा धुणं, पट्ट्या करणं, हत्यारं उकळणं, पथ्याचं जेवण, रात्रपाळी, सगळं विद्यार्थिनींकडे. म्हणजे शाळेला हॉस्पिटल लागे, आणि हॉस्पिटल चालायचं ते शाळेच्या जिवावर. यात पिळवणूक होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पगारी नर्सेस ठेवण्याऐवजी विद्यार्थिनींच्या श्रमावर वॉर्ड चालवायचे, ही त्या काळी सगळ्याच हॉस्पिटलांची काटकसर होती. पण याच रचनेमुळे खिशात पैसे नसलेली मुलगीही शिकू शकत होती. तिची फी तिच्या हातांनी फिटत होती.

पैसा उभा करायला चर्चमधून सभा झाल्या, घराघरांतून चादरी आणि अंथरुणं आली. शिकागोचे बडे गोरे उद्योगपतीही पुढे आले: मांसाच्या धंद्यातले आर्मर, रेल्वेचे डबे बनवणारे पुलमन, दुकानदारीतले मार्शल फील्ड. (त्यांच्या औदार्याची चर्चा पुष्कळ होते. काळ्या कामगारांच्या प्रकृतीत त्यांचा स्वार्थ किती होता याची कमी होते. असो, पैसा कामी आला.) डिअरबॉर्न आणि २९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं विटांचं तीन मजली घर मिळालं. ४ मे १८९१ रोजी बारा खाटांचं हॉस्पिटल सुरू झालं आणि पहिल्या वर्गात सात मुली आल्या. त्यांत अर्थातच एमा होती.

पहिल्या वर्षाचा अहवाल मला शस्त्रक्रियेच्या गोष्टीपेक्षा बोलका वाटतो. १८९ पेशंट दाखल झाले. १४१ पूर्ण बरे झाले, २३ जणांना उतार पडला, तिघांच्या प्रकृतीत फरक पडला नाही, २२ दगावले. प्रतिजैविकं नव्हती, क्ष-किरणांचा शोध लागायचा होता, रक्त चढवण्याची भरवशाची पद्धत नव्हती. अशा दिवसांत स्वच्छता, वेळच्या वेळी पट्टी, वेळच्या वेळी खाणं आणि डोळ्यांत तेल घालून राखलेली रात्र, हीच मोठी औषधं. हे आकडे त्या सात मुलींचेही आहेत.

आता ती शस्त्रक्रिया. १८९३चा जुलै. मारामारीत छातीत सुरा खुपसलेला जेम्स कॉर्निश नावाचा तरुण आणला गेला. आधी जखम वरवरची वाटली. रात्रीतून तो खचत गेला. विल्यम्सने छाती उघडली, फाटलेली रक्तवाहिनी बांधली, हृदयाभोवतीच्या आवरणाला पडलेली चीर धुऊन शिवली. खुद्द हृदयाच्या स्नायूवर बारीकशी जखम होती, तिला टाका घालायची गरज पडली नाही. ‘पहिली’ या शब्दावर वाद आहे. सेंट लुईसच्या हेन्री डाल्टनने असंच आवरण १८९१ मध्ये शिवलं होतं, आणि त्याहून जुने दावेही आहेत. विल्यम्सचं कसब त्याने कमी होत नाही. माझं लक्ष मात्र वेगळ्याच आकड्यावर अडकतं: कॉर्निश एक्कावन्न दिवसांनी चालत घरी गेला. मध्ये छातीत पाणी झालं म्हणून पुन्हा चिरावं लागलं. टाके घालायला किती वेळ लागला असेल? फार तर तास-दीड तास. बाकीचे एक्कावन्न दिवस आणि एक्कावन्न रात्री ती उघडी केलेली छाती पिकू न देण्याचं काम ज्यांनी केलं असणार, त्यांचा फोटो फेब्रुवारीत फिरत नाही.

एमा तेव्हा तिथे विद्यार्थिनी राहिली नव्हती. १८९२ मध्ये पहिल्या तुकडीत ती नर्स म्हणून बाहेर पडली, आणि तेवढ्यावर थांबली नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८९५ मध्ये डॉक्टर झाली. पुढे टेक्सासात वेको, मग न्यू ऑर्लिन्स, आणि शेवटी ओहायोत आपल्या गावाकडे तिने काम केलं. नर्सिंग स्कूलने सुद्धा जिला उभं केलं नसतं ती सहा वर्षांत डॉक्टर झाली. गेट अडवून बसलेल्यांची पारख काय लायकीची होती, ते यावरून कळतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून. आपल्याकडच्यांनी तो कित्ता गिरवावा ही त्यामागची तळमळ. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत शिकागोत हे हॉस्पिटल उघडावं लागलं. अर्पणपत्रिका चुकीची नव्हती. गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात रक्त सांडणारी माणसं होतीच. पण बेड्या तोडणं वेगळं आणि आपल्या मुलींच्या वसतिगृहात काळ्या मुलीला खोली देणं वेगळं, आणि दुसऱ्या कामाला सज्जनांची संख्या भलतीच रोडावते. हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

‘कृष्णवर्णीयांनी स्थापलेलं’ म्हटलं की ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ असं ऐकू येतं. प्रॉव्हिडंट तसं नव्हतं. डॉक्टर दोन्ही वर्णांचे, पेशंट दोन्ही वर्णांचे, विश्वस्तांतही गोरे. फॅनी बॅरियर विल्यम्ससारख्या कार्यकर्त्यांचा तर आग्रहच होता की हे मिश्र हॉस्पिटल असलं पाहिजे. १९१९च्या दंगलीत शिकागोत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा प्रॉव्हिडंटने दोन्हीकडच्या जखमींवर उपचार केले. दरवाजा बंद ठेवायची चाल त्यांनी उचलली नाही.

तरीही काळ्या समाजातच वेगळ्या हॉस्पिटलांना विरोध होता, आणि तो विरोध मूर्खपणाचा नव्हता. आपण आपलं वेगळं काढलं की गोरे म्हणणार, झालं ना तुमचं, आता आमच्याकडे कशाला येता? न्यूयॉर्कमध्ये १९३०च्या आसपास रोझनवाल्ड फंड या धर्मादाय संस्थेने हार्लेम या काळ्या वस्तीत काळ्यांसाठी हॉस्पिटल काढायचं म्हटलं, तेव्हा तिथल्याच डॉ. लुई राइट या काळ्या सर्जनसारख्यांनी ते धुडकावून लावलं. कर भरतो आम्ही, तर सरकारी हॉस्पिटलातच समान हक्काने जाऊ, हा त्यांचा मुद्दा. आणि त्याच सुमाराला शिकागोत काय चाललं होतं? प्रॉव्हिडंटचा शिकागो विद्यापीठाशी करार होत होता. १९३३ मध्ये ५१व्या रस्त्यावर मोठी वास्तू मिळाली, रोझनवाल्ड फंडाचे पैसे आले, उच्च शिक्षणाची सोय झाली. आणि विद्यापीठालाही एक सोय झाली: काळ्या विद्यार्थ्यांचं वॉर्डातलं शिक्षण प्रॉव्हिडंटकडे वळवता आलं. राइट यांची भीती साधार होती.

मग बरोबर कोण, राइट की विल्यम्स? हा प्रश्न मला फसवा वाटतो. शिकागोत १८९० साली पंधरा हजारांच्या आत काळी माणसं होती. १९३० पर्यंत दक्षिणेतून येणाऱ्यांनी ती संख्या सुमारे २ लाख ३४ हजारांवर नेली. त्यांतल्या बाळंतिणींना, क्षयाच्या पेशंटना तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत थांबा असं कोण सांगणार? दार ठोठावणं आणि स्वतःचं घर बांधणं दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. राग यायचा तर या दुप्पट मेहनतीचा यावा. ती ज्यांनी लादली ते मात्र वादाच्या बाहेर नामानिराळे राहिले.

आपसातली भांडणंही झालीच. संस्था म्हटली की तट आले. आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या वार्षिक सभेत बसलेल्याला यात नवल वाटणार नाही. विल्यम्स आणि प्रॉव्हिडंटमधलेच डॉ. जॉर्ज हॉल यांचं कधी पटलं नाही. विल्यम्सला सेंट ल्यूक्स या गोऱ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली तेव्हा विरोधकांनी गहजब केला: हा आपल्या माणसांना सोडून तिकडे गेला. १९१२ मध्ये त्याने स्वतः काढलेल्या हॉस्पिटलचा राजीनामा दिला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. दार उघडलं की आत कोण जातं? एकटा माणूस जातो, तोही सगळ्यात नावाजलेला. त्याची संस्था बाहेरच राहते. विल्यम्सच्या बाबतीत १९१२ मध्ये जे झालं, तेच पन्नास वर्षांनी देशभर झालं.

दरम्यान नर्सेसचं काय चाललं होतं? शिकून बाहेर पडलेल्या काळ्या नर्सला बहुतेक हॉस्पिटलांत नोकरी नव्हती. घरोघरी जाऊन खासगी शुश्रूषा, नाहीतर सार्वजनिक आरोग्याचं काम. व्यावसायिक संघटनेतही अडथळे, म्हणून १९०८ मध्ये मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये काळ्या पदवीधर नर्सेसची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने सुरुवातीला काळ्या नर्सेसची मर्यादा ठेवली ५६. संपूर्ण देशातून! १९४५च्या जानेवारीत नर्सेस कमी पडतात म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सक्तीची भरती सुचवत होते आणि हजारो शिकलेल्या नर्सेस दाराशी उभ्या होत्या. काळ्या नर्सेसच्या त्या संघटनेच्या मेबल स्टॉपर्स यांनी हा विरोधाभास चव्हाट्यावर मांडला, तेव्हा कुठे ती मर्यादा गेली. १९४८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने दार उघडलं, आणि १९५१ मध्ये वेगळी संघटना ‘काम झालं’ म्हणून मोठ्या समाधानाने विसर्जित झाली. बरोबर वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, काळ्या नर्सेसना पुन्हा स्वतःची राष्ट्रीय संघटना काढावी लागली. मधल्या वीस वर्षांत मुख्य संघटनेत सभासदत्व मिळालं होतं. निर्णय घेणाऱ्या खुर्च्या फारशा मिळाल्या नव्हत्या.

हॉस्पिटलांचं चक्र याच धर्तीवर फिरलं. १९४६च्या हिल-बर्टन कायद्याने केंद्राच्या पैशातून देशभर हॉस्पिटलं बांधली, आणि ‘वेगळं पण समान’ अशी पळवाट कायद्यातच ठेवली. १९६१ मध्ये शिकागोतल्या दहा काळ्या डॉक्टरांना शहरातल्या हॉस्पिटलांवर खटला भरावा लागला. सत्तर वर्षांपूर्वी विल्यम्सची जी तक्रार होती तीच त्यांची. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोच्या दंतवैद्य सिमकिन्स यांच्या खटल्यात १९६३ साली हिल-बर्टनची ती पळवाट बुजली. मग १९६४चा नागरी हक्क कायदा आला, आणि १ जुलै १९६६ रोजी मेडिकेअर सुरू झालं: म्हाताऱ्यांच्या उपचाराचे सरकारी पैसे हवे असतील तर वर्णभेद बंद. वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते पैशाची नळी हाती धरल्यावर काही महिन्यांत झालं. हजारेक हॉस्पिटलांनी पाट्या उतरवल्या. हा विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा एक मोठा विजय आहे, त्यात मला काडीचीही शंका नाही.

त्याच १९६६ मध्ये प्रॉव्हिडंटचं नर्सिंग स्कूल बंद झालं.

यावर सरळ उत्तर असं दिलं जातं की त्या सुमारास नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलांकडून कॉलेजांकडे जात होतं, गोऱ्यांच्याही शाळा बंद पडल्या, यात वर्णाचा काय संबंध? निम्मं खरं आहे. विद्यार्थिनींच्या श्रमावर चालणारी ती पद्धत जायलाच हवी होती. पण गोऱ्या मुलीची एक शाळा बंद झाली तेव्हा दहांपैकी एक वाट बंद झाली. काळ्या मुलीची जी बंद झाली, तिथे शिकवणारी, परीक्षा घेणारी, चूक झाली तर पाठीशी घालणारी किंवा कान उपटणारी आणि पुढे नोकरी देणारी माणसं तिच्यातली होती. कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. तिथल्या प्राध्यापिका, तिथल्या समित्या, तिथली निवडमंडळं जिथल्या तिथे होती. एकत्रीकरण करताना काळ्या पेशंटांना गोऱ्या हॉस्पिटलांत नेलं गेलं. काळ्या संस्थांना त्यांच्या मेट्रनसह, त्यांच्या विश्वस्तांसह, त्यांच्या शिकवण्याच्या परंपरेसह बरोबरीने घ्यावं असं फारसं कुणाच्या मनातही आलं नाही. रहदारी एकाच दिशेने झाली. १९४०च्या दशकात शंभराच्या वर असलेली काळ्यांची हॉस्पिटलं पुढच्या अर्धशतकात बोटांवर मोजण्याइतकी उरली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की अशा संस्था वाचवायचा प्रश्न येतो तेव्हा सरकार आणि दानशूर लोक खाटा मोजतात, आणि ती मोजदाद चुकीची आहे. खाट विकत मिळते. इमारत कर्जावर उभी राहते. नवं माणूस घडवायचा आणि निर्णय घ्यायचा अधिकार एकदा गेला की तो अनुदानातून परत येत नाही. वैद्यकीय शिक्षणात हे आधी होऊन गेलं होतं. देशातल्या वैद्यकीय शाळांची पाहणी करणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाने दर्जाच्या नावाखाली काळ्यांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी ठेवायला सांगितल्या. १९२३ पर्यंत बाकीच्या पाच गेल्या. त्यांतल्या काही खरोखर सुमार होत्या. पण सुमार शाळा सुधारायला पैसा देणं हाही एक मार्ग होता. गोऱ्यांच्या कित्येक शाळांना तो मिळाला. एका शतकानंतरही अमेरिकेत काळ्या डॉक्टरांचं प्रमाण काळ्या लोकसंख्येच्या प्रमाणाच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतं आहे.

प्रॉव्हिडंटचं पुढचं सगळं याला साक्ष आहे. पैसेवाले पेशंट आणि नावाजलेले डॉक्टर उघडलेल्या दारांतून निघून गेले. विल्यम्सच्या वेळी जसं म्हटलं गेलं तसं त्यांना गद्दार म्हणण्यात अर्थ नाही. चांगल्या सोयीकडे कोण जाणार नाही? मागे उरले ते ज्यांच्याकडून बिल वसूल होणं कठीण असे पेशंट. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नवी मोठी इमारत झाली आणि तिच्याबरोबर कर्जाचा बोजा. १९८७च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत हॉस्पिटलला कुलूप लागलं. दक्षिण शिकागोतल्या माणसांनी आरडाओरडा केला, मोर्चेबांधणी झाली, आणि कुक काउंटीच्या प्रशासनाने ते ताब्यात घेऊन १९९३च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. चांगलंच झालं. तातडीच्या वेळी जवळ हॉस्पिटल असणं म्हणजे काय हे ज्याला दूर जावं लागतं त्याला विचारावं.

त्या सहा वर्षांच्या चर्चेत खाटा होत्या, तातडीचा विभाग होता, कर्ज होतं. शाळा बंद होऊन तेव्हा एकवीस वर्षं उलटली होती. काउंटीने इमारत परत उघडली आणि बाहेरचं नाव लोकांच्या ओळखीचं म्हणून तसंच ठेवलं: प्रॉव्हिडंट हॉस्पिटल. त्यापुढे १८९१ मध्ये ‘अँड ट्रेनिंग स्कूल’ असे तीन शब्द होते. आता ‘ऑफ कुक काउंटी’ असे तीन आहेत.